वायुवीजित ब्रेक चकती

वायुवीजित ब्रेक चकती : मोटारगाडीच्या चाकाबरोबर फिरणारी आणि दोन कड्यांमध्ये हवा खेळण्यासाठी मोकळी जागा ठेवलेली बिडाची चकती. डिस्क ब्रेकमध्ये ही चकती कॅलिपर या चिमट्यासारख्या भागात बसविलेल्या दोन ब्रेक पॅडांच्या मध्ये दाबली जाते व घर्षणाने चाकाची गती कमी होते. साधी चकती भरीव असते. वायुवीजित चकतीत मात्र दोन कडी एकमेकींपासून थोड्या अंतरावर असून ती पात्यांनी किंवा लहान खुंट्यांनी जोडलेली असतात. पाती सरळ म्हणजे अरीय असतील किंवा केवळ खुंट्या असतील, तर एकच चकती गाडीच्या कोणत्याही बाजूस चालते. पाती वक्र असतील, तर डाव्या व उजव्या चाकांच्या चकत्या एकमेकींची आरशातील प्रतिबिंबे असाव्या लागतात. हा भेद का निर्माण झाला व तो न पाळल्यास काय घडते, हे समजण्यासाठी ब्रेकच्या इतिहासातील मुख्य प्रश्न, म्हणजे उष्णतेची विल्हेवाट, लक्षात घ्यावा लागतो.

उष्णतेचा प्रश्न : ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा नष्ट करीत नाही, तो तिचे उष्णतेत रूपांतर करतो. १,५०० किग्रॅ. वजनाची मोटारगाडी ताशी १०० किमी. वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सु. ५·८ लाख जूल असते. जोराने ब्रेक लावल्यास गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे या ऊर्जेचा बहुतांश भाग पुढच्या दोन ब्रेकांवर पडतो. तो ७० टक्के धरला व पुढची प्रत्येक चकती ७ किग्रॅ. वजनाची मानली, तर एकदा गाडी थांबविल्याने प्रत्येक चकतीचे तापमान सु. ६०° से. ने वाढते. एका वेळेपुरती ही वाढ क्षुल्लक आहे. परंतु चकती निवण्यापूर्वी पुन्हापुन्हा ब्रेक लावावा लागला, तर तापमान पायरीपायरीने चढत जाते.

घाट उतरताना हे विशेष जाणवते. लोणावळ्याहून बोर घाटाने खोपोलीकडे उतरताना सु. ५५० मी. उंची कमी होते. वरील वजनाच्या गाडीची या उतारात मोकळी होणारी स्थितिज ऊर्जा सु. ८१ लाख जूल, म्हणजे ताशी १०० किमी. वेगावरून चौदा वेळा गाडी थांबविण्याइतकी असते. तिचा काही भाग एंजिनाचा रोध व हवेचा रोध यांत खर्च होतो. उरलेला सर्व ब्रेकांवर येतो. खालच्या गिअरमध्ये घाट उतरण्याची जुनी शिस्त याच कारणाने पडली आहे.

अतितप्त ब्रेक दोन प्रकारे निकामी होतो. पॅडमधील बंधक द्रव्ये तापून घर्षणगुणक घसरतो व पायदान कितीही दाबले तरी गाडी पुरेशी रोधली जात नाही. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. चकतीची उष्णता पॅडमार्गे ब्रेक तेलापर्यंत पोहोचते व ते उकळू लागते. तेल दाबाने आकुंचन पावत नाही, पण त्यातील वाफ पावते. त्यामुळे पायदान जमिनीला टेकते आणि ब्रेक लागतच नाही. डॉट ३ या वर्गातील ताज्या तेलाचा उकळबिंदू मानकानुसार किमान २०५° से. असावा लागतो, तेलाने हवेतील ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १४०° से. इतकीच आहे. चकतीतून वाहणारी हवा ही म्हणूनच निव्वळ सोय नव्हे; तिच्यावर गाडीतील माणसांचे प्राण अवलंबून असतात.

प्रारंभीचा इतिहास : इंग्लंडमधील अभियंते फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर (१८६८–१९४६) यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती व तिला दोन्ही बाजूंनी पकडणारा जबडा ही आजच्या ब्रेकची मूळ रचना त्यात होती. तथापि जबड्यांना त्यांनी तांब्याचे अस्तर दिले होते. धातूवर धातू घासल्याने कर्कश आवाज होई व धुळीच्या रस्त्यांवर अस्तर लवकर झिजे. याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रनो यांनी ड्रम ब्रेक प्रचारात आणला. त्यात घर्षण होणारे भाग बंद डब्यात असल्याने चिखल व धूळ यांपासून त्यांचे रक्षण होई आणि पायाचा थोडा जोरही पुरे. पुढील सुमारे पन्नास वर्षे मोटारगाड्यांवर ड्रम ब्रेकचेच राज्य राहिले.

ज्या बंदिस्तपणामुळे ड्रम ब्रेक सोयीचा ठरला, तोच वेग वाढताच त्याचा दोष ठरला. आत निर्माण झालेल्या उष्णतेला बाहेर पडण्यास वाट नसे. शिवाय ड्रम तापला की प्रसरण पावून आतील पट्ट्यांपासून दूर जाई व पायदान अधिक खोल दाबावे लागे. चकतीचे याच्या उलट आहे. ती उघड्यावर फिरते आणि तापल्यावर जाड होऊन पॅडांकडेच सरकते.

विमानांच्या बाबतीत हा प्रश्न आधी तीव्र झाला. जड व वेगवान विमान थोड्या लांबीच्या धावपट्टीवर थांबविण्यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिस्क ब्रेक विकसित झाले. तेथून ते मोटारींकडे वळले. अमेरिकेतील क्रॉस्ली कंपनीने १९४९ मध्ये आपल्या छोट्या गाड्यांना विमानी धर्तीचे डिस्क ब्रेक बसविले. पण हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने ते गंजून अडकू लागल्याने तो प्रयोग लवकरच सोडून द्यावा लागला.

शर्यतींतील कसोटी : डिस्क ब्रेकची योग्यता निर्विवादपणे सिद्ध झाली ती शर्यतींच्या मार्गांवर. ब्रिटनमधील डनलॉप व जॅग्वार या कंपन्यांनी मिळून सी-टाइप या शर्यतीच्या गाडीसाठी डिस्क ब्रेक तयार केला. १९५२ मध्ये फ्रान्समधील रँस येथे स्टर्लिंग मॉस यांनी या गाडीने शर्यत जिंकली. १९५३ मध्ये ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांची सी-टाइप गाडी पहिली आली. या शर्यतीतील विजेत्या गाडीचा सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या, म्हणजे सु. १६१ किमी. च्या, पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ होती. तेथील लांब सरळ रस्त्याच्या शेवटी तीव्र वळण असल्याने चालकांना दर फेरीला अतिशय जोराने ब्रेक लावावे लागत. ड्रम ब्रेकच्या गाड्यांना तेथे आधीपासूनच वेग आवरावा लागे, तर जॅग्वारचे चालक वळणाच्या बरेच जवळ जाऊन ब्रेक लावू शकत.

याच मार्गावर ११ जून १९५५ रोजी मोटार शर्यतींच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात झाला व त्यात ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वर्षी जॅग्वार गाड्यांना डिस्क ब्रेक होते, तर मर्सिडीज गाड्यांना ड्रम ब्रेक व त्यांच्या मदतीला हवेचा रोध वाढविणारी पाठीवरची उचलती झडप होती. अधिकृत चौकशीत कोणाही चालकास दोषी धरण्यात आले नाही. तथापि एकाच मार्गावर धावणाऱ्या गाड्यांच्या थांबण्याच्या क्षमतेतील तफावत हा त्या अपघाताच्या चर्चेतील एक मुद्दा होऊन राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या सित्रोएन डीएस या प्रवासी गाडीच्या पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक देण्यात आले होते. १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर ३ व १९५७ मध्ये जॅग्वार एक्सके १५० या गाड्यांनीही ते स्वीकारले.

वायुवीजित चकतीचा प्रसार : हलक्या यूरोपीय गाड्यांना भरीव चकती पुरेशी होती, अमेरिकेतील वजनदार व शक्तिमान गाड्यांना ती अपुरी पडू लागली. चाकाच्या आत बसायचे असल्याने चकतीचा व्यास वाढविण्यास मर्यादा होती. नुसती जाडी वाढविल्याने अधिक उष्णता साठविता येई, परंतु ती बाहेर टाकण्याचा वेग वाढत नसे. चकती मधून पोकळ केल्यास मात्र आतील दोन पृष्ठभाग व पात्यांच्या बाजू एवढे नवे क्षेत्र हवेला मिळते. १९६५ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट गाडीच्या चारही चाकांना अशा वायुवीजित चकत्या होत्या. त्यांचा व्यास सु. २९८ मिमी. व जाडी सु. ३२ मिमी. होती. जर्मनीतील पोर्श कंपनीने १९६६ मध्ये सादर केलेल्या ९११ एस या गाडीस वायुवीजित चकत्या दिल्या. अमेरिकेत प्रवासी मोटारींच्या ब्रेकविषयीचे कडक मानक १ जानेवारी १९७६ पासून लागू झाले व पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देण्याच्या प्रथेस त्यामुळे बळ मिळाले.

भारतात अँबॅसडर व मुंबईत तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांवर ड्रम ब्रेकची राजवट दीर्घकाळ टिकली. नव्या पिढीच्या मोटारींबरोबर डिस्क ब्रेकचा प्रसार झाला. पुढच्या चाकांना वायुवीजित चकत्या व मागच्या चाकांना ड्रम ही जोडणी आज भारतीय रस्त्यांवर सर्रास आढळते.

पंपाचे तत्त्व : फिरणारी वायुवीजित चकती हा वस्तुतः एक केंद्रोत्सारी पंप आहे. ताशी १०० किमी. वेगाने जाणाऱ्या सामान्य मोटारीचे चाक मिनिटाला सु. ९०० फेरे घेते. चकतीच्या पोकळीतील हवा तिच्याबरोबर फिरू लागते, बाहेरच्या कडेकडे फेकली जाते आणि तिची जागा घेण्यासाठी आतल्या कडेशी थंड हवा ओढली जाते. पात्यांचा आकार व दिशा यांना येथे महत्त्व येते.

हे ज्ञान मोटारगाडीपेक्षा जुने आहे. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जॉन जॉर्ज ॲपोल्ड (१८००–६५) यांनी वक्र पात्यांचा केंद्रोत्सारी पंप मांडला होता. त्याची कार्यक्षमता चाचण्यांत ६८ टक्के भरली. सरळ अरीय पात्यांच्या तुलनेत ती दुपटीहून अधिक होती. पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट बाजूस झुकलेली असावीत, हा त्या रचनेचा गाभा होता. अशा पात्यांना पश्चवक्र पाती म्हणतात.

याचे कारण सापेक्ष गतीत आहे. पाऊस सरळ खाली पडत असला, तरी झपझप चालणाऱ्या माणसाला तो समोरून तिरपा येताना जाणवतो व तो छत्री पुढे कलवितो. त्याचप्रमाणे आतल्या कडेतून सरळ बाहेर निघालेली हवा फिरणाऱ्या चकतीच्या दृष्टीने मागे सरकत, तिरपी येते. पाती त्याच तिरप्या दिशेने मांडलेली असतील, तर हवा त्यांच्यामधील वाटांत सुरळीत शिरते. पाती अरीय असतील, तर ती हवेला आडवी येतात, प्रवाह पात्याच्या पाठीपासून सुटतो व भोवरे निर्माण होऊन वाट अंशतः अडते. पाती पुढे झुकलेली असतील, तर हा दोष आणखी वाढतो.

येथे एक प्रचलित गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वक्र पात्यांची चकती चुकीच्या बाजूस बसविली, तर ती बाहेरची हवा आत ओढते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. केंद्रोत्सारी प्रेरणा फिरण्याच्या दिशेवर अवलंबून नसते, त्यामुळे हवा दोन्ही स्थितींत आतून बाहेरच वाहते. बदलते ते तिचे प्रमाण. उलट बसविलेली चकती कमी हवा खेचते, सावकाश निवते आणि वारंवार ब्रेक लावल्यास दुसऱ्या बाजूच्या चकतीपेक्षा अधिक तापते. नेहमीच्या शहरी वाहतुकीत हा फरक चालकास जाणवणारही नाही. लांब घाटात किंवा भार लादलेल्या गाडीत तो उघड होतो. एका बाजूची चकती बरोबर व दुसरी उलट असेल, तर दोन्ही पॅडांचा घर्षणगुणक वेगवेगळ्या प्रमाणात घसरून गाडी एका बाजूस ओढली जाण्याचाही संभव असतो.

डावी व उजवी बाजू : गाडी पुढे जात असता डावे चाक बाहेरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने व उजवे चाक काट्यांच्या दिशेने फिरते. म्हणून दोन्ही बाजूंची पाती पश्चवक्र ठेवावयाची, तर दोन भिन्न चकत्या लागतात. एकच चकती उलटी करून दुसऱ्या बाजूस वापरता येत नाही. कारण तिचा मधला टोपीसारखा उंचवटा चाकाच्या तुंब्यावर एकाच बाजूने बसतो.

योग्य दिशा ओळखण्याची खूण सोपी आहे. चकती तिच्या जागी बसविल्यावर तिच्या माथ्याकडील कडेतून आत पाहावे. पाती आतून बाहेर येताना गाडीच्या मागील बाजूस झुकलेली दिसली पाहिजेत. ही खूण डाव्या व उजव्या अशा दोन्ही चाकांना सारखीच लागू पडते.

चुका होण्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. पहिले असे, की पाती दोन कड्यांच्या मध्ये दडलेली असतात आणि डोळ्यांत भरतात ते चकतीच्या पृष्ठभागावरील खोबणी किंवा भोके. खोबणींचा उपयोग पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवण्यासाठी होतो. हवा खेचण्याशी त्यांचा संबंध नसतो. त्या कोणत्या दिशेने कोराव्यात याविषयी उत्पादकांत एकवाक्यता नाही. त्यामुळे खोबणींवरून चकतीची बाजू ठरविणे सयुक्तिक नसते. निर्णय पात्यांवरूनच करावा लागतो.

दुसरे कारण भाषेचे आहे. गाडीची डावी व उजवी बाजू चालकाच्या आसनावर पुढे तोंड करून बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ठरते. बॉनेटसमोर उभ्या असलेल्या कारागिराला ती नेमकी उलटी दिसते. आपल्याकडील गॅरेजांमध्ये ‘ड्रायव्हर साइड’ व ‘क्लीनर साइड’ हे शब्द रूढ आहेत. भारतात चालक उजवीकडे बसतो. जर्मनी व अमेरिका या देशांत तो डावीकडे बसतो. परदेशी पुस्तिकेतील चालकाची बाजू ही म्हणून आपल्या ‘ड्रायव्हर साइड’ची विरुद्ध बाजू असते.

निर्मिती व खर्च : वायुवीजित चकती करड्या बिडाच्या ओतकामाने तयार करतात. साच्यात रेतीचा गाभा ठेवतात. तो ज्या जागी असतो तेथे पुढे हवेच्या वाटा उरतात व गाभ्यातील फटींची पाती होतात. वक्र पात्यांसाठी डाव्या व उजव्या चकतीचे दोन निरनिराळे गाभे लागतात. साठवण, नोंद व सुटे भाग यांचाही व्याप दुप्पट होतो. म्हणून सर्वसामान्य मोटारींना बहुधा सरळ पात्यांच्या किंवा खुंट्यांच्या चकत्या देतात. त्या थोडी कमी हवा खेचतात, पण चुकीच्या बाजूस बसूच शकत नाहीत. काही उत्पादकांनी काटकसरीसाठी वक्र पात्यांची एकच चकती दोन्ही बाजूंना बसविल्याचीही उदाहरणे आहेत; अशा गाडीत एका बाजूस पाती पुढे झुकलेली आढळली, तर तो कारागिराचा दोष नसून मूळ रचनेतील तडजोड असते. यासाठी चकती बदलताना तिच्यावरील भागक्रमांक व उत्पादकाची सूचना पाहणे श्रेयस्कर ठरते.

आगगाड्यांच्या बाबतीत दिशेचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. भारतीय रेल्वेच्या एलएचबी डब्यांना आसावर बसविलेले डिस्क ब्रेक असतात. डबा दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने धावत असल्याने त्याच्या बाबतीत पुढची व मागची दिशा कायम नसते. तेथे एका दिशेची वक्र पाती निरुपयोगी ठरतात व दोन्ही दिशांना सारखे काम देणारी रचना घ्यावी लागते. मोटारगाडीही कधीकधी मागे जाते. परंतु त्या वेळी तिचा वेग अल्प असल्याने तिच्या चकतीची दिशा केवळ पुढच्या गतीवरून ठरविता येते.

अलीकडील विकास : १९७६ मध्ये ब्रॅबम संघाने फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीवर कार्बन ब्रेकचे प्रयोग सुरू केले. २००१ च्या पोर्श ९११ जीटी २ या गाडीस कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या सिरॅमिकच्या चकत्या मानक म्हणून देण्यात आल्या. त्या बिडाच्या चकत्यांपेक्षा बऱ्याच हलक्या असतात, पण त्यांतही हवेच्या वक्र वाटा ठेवलेल्या आहेत. विजेच्या मोटारींत वेग कमी करताना गतिज ऊर्जेचा काही भाग विद्युत् घटमालेत परत जातो, त्यामुळे चकतीवरील उष्णतेचा भार पुष्कळ घटतो. तथापि घटमाला पूर्ण भारित असेल, तर ती ही ऊर्जा घेऊ शकत नाही. घाटमाथ्यावर घटमाला भारित करून उतरू लागलेल्या अशा गाडीसही मग घर्षणाच्या ब्रेकवर व त्याच्या चकतीतून वाहणाऱ्या हवेवर विसंबावे लागते.